विश्लेषण : मेळघाटला नेमके कधी जावे? कोणत्या ऋतूत काय पाहावे, काय खावे?

पावसाळ्यात चिखलदऱ्याला गर्दी, उरलेले दहा महिने शुकशुकाट. पण धारणीपर्यंत गेलात तर मेळघाट दर ऋतूत वेगळा दिसतो. सहल आखण्यापूर्वी हे वाचा.

धारणी : युरोपची सहल ठरली की घरात तक्ते तयार होतात. ट्युलिपचे ताटवे पाहायचे तर एप्रिल गाठा, कारण नेदरलँड्समधील केउकेनहॉफची बाग वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडी असते. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला जायचे तर नावावर जाऊ नका, तो सप्टेंबरच्या मध्यालाच सुरू होतो. शेंगेन व्हिसाचा १८० दिवसांत ९० दिवसांचा नियम तर सहा महिने आधीच तोंडपाठ असतो. तेच कुटुंब शनिवारी सकाळी अमरावती किंवा अकोल्याहून मेळघाटला निघते, तेव्हा मात्र ‘चला, तिकडे गेल्यावर बघू’ एवढेच नियोजन असते.

मीही त्यातलाच. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चार मित्र जुलैत सफारीसाठी सेमाडोहला पोहोचलो. फाटक बंद. पावसाळ्यात कोअर क्षेत्रातील सफारी बंद असते, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हते. चूक आमचीच होती. पण परत फिरण्याऐवजी आम्ही तसेच पुढे धारणीपर्यंत गेलो आणि त्या दिवशी जो मेळघाट पाहिला, तो चिखलदऱ्याच्या कुठल्याच पॉइंटवरून दिसत नाही. तेव्हापासून दर ऋतूत एक तरी फेरी होते. त्यातून तयार झालेला हा आराखडा.

मेळघाट म्हणजे फक्त चिखलदरा का?

नाही. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत घाटांचा मेळ जिथे होतो, तो मेळघाट, अशी नावाची सरळ फोड सांगितली जाते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या याच डोंगरात वाहतात आणि पुढे तापीला मिळतात. उत्तरेला तापी, तिच्यापलीकडे मध्य प्रदेश.

सहल आखताना सर्वात महत्त्वाची गोष्ट उंची. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे. धारणी तापीच्या खोऱ्यात, तीनशे मीटरच्या आसपास. हजार मीटर वर गेले की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे चिखलदरा आणि धारणी यांच्यात एकाच दुपारी पाच अंशांचा फरक सहज पडतो. ‘मेळघाट थंड असतो’ असे समजून मे महिन्यात धारणीला दुपारी उतरलात तर फसगत ठरलेली. आणि डिसेंबरमध्ये अमरावतीच्या हवेवर विश्वास ठेवून स्वेटर न घेता चिखलदरा गाठलात तर रात्र कुडकुडत काढावी लागेल.

पावसाळा (जुलै ते सप्टेंबर) : काय मिळते, काय मिळत नाही?

मिळते ते धुके, धबधबे आणि हिरवाई. चिखलदऱ्यात वऱ्हाडच्या मैदानापेक्षा जवळपास दुप्पट पाऊस पडतो. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, मोझरी पॉइंट ही ठिकाणे याच दिवसांत खऱ्या रूपात दिसतात. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले ती कीचकदरा, त्यावरून चिखलदरा, ही कथा इथे प्रत्येक गाईड सांगतो. ती भीमकुंडाच्या काठावर, पाण्याच्या आवाजातच ऐकावी.

मिळत नाही ती जंगल सफारी. व्याघ्र प्रकल्पाच्या कोअर क्षेत्रातील पर्यटन साधारण तीन महिने बंद असते. बफरमधील काही मार्ग सुरू राहू शकतात, पण ते दरवर्षी पाऊस आणि रस्ते पाहून ठरते. त्यामुळे निघण्यापूर्वी वनविभागाच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर खात्री करून घ्या. एक नेहमीची अडचण दृश्यमानतेची. ऑगस्टमध्ये चार तास प्रवास करून पॉइंटवर उभे राहावे आणि समोर फक्त पांढरा पडदा असावा, असे अनेकांचे होते. धुके सहसा सकाळी उशिरापर्यंत राहते, म्हणून एक मुक्काम ठेवा. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांचा हिरमोड जास्त होतो.

शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टला जोडून सुटी आली तर घाटात वाहनांच्या रांगा लागतात. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार निवडा.

खायला काय? चिखलदऱ्याची कॉफी. महाराष्ट्रात कॉफीची झाडे वाढतात असे हे ठिकाण. ब्रिटिश काळापासूनची ही लागवड मोठी नाही, पण गार हवेत गरम कप हातात घेण्याची मजा वेगळी. रस्त्याकडेला भाजलेले मक्याचे कणीस, गरम भजी आणि मोथा गावाच्या परिसरातील गवळ्यांकडचा खवा. पावसाळ्यात चारा भरपूर, त्यामुळे दूधही भरपूर.

दिवाळीनंतरचा मेळघाट का चुकवू नये?

कारण तेव्हा धारणीचा घुंगरू बाजार भरतो. दिवाळी झाली की मेळघाटातल्या आठवडी बाजारांत गुरे राखणारे थाट्या बांधव घुंगरू बांधून, बासरी-ढोलकीच्या तालावर नाचत येतात. वर्षभर गावाची गुरे राखणाऱ्याचा हा मान घेण्याचा काळ. दुकानदार त्यांना बक्षिसी देतात, बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. हा पर्यटकांसाठी बसवलेला कार्यक्रम नाही. लोकांचा बाजार आहे आणि आपण त्यात पाहुणे आहोत, एवढे लक्षात ठेवले की पुरे. मोबाइल समोर धरण्यापूर्वी विचारा. तारखा दिवाळीवर आणि त्या त्या गावच्या बाजारवारावर अवलंबून असतात. त्यामुळे धारणीत कोणाला तरी फोन करून वार पक्का करावा.

याच दिवसांत जंगल पुन्हा उघडते. गवत उंच असते, पाणी सगळीकडे असते. प्राणी दिसण्याची शक्यता कमी, पण जंगलाचा रंग सर्वात गडद. सीताफळांचा हंगाम हाच.

हिवाळा (डिसेंबर, जानेवारी) : किल्ले आणि पक्ष्यांचे दिवस

चिखलदऱ्यात पारा एक आकडी होतो. पहाटे गाडीच्या काचेवर दवाचा थर असतो. चालायला, गड चढायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पाहायचा तर डिसेंबरच. त्याला इतिहासाचेही कारण आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात देवगावचा तह झाला आणि वऱ्हाडचे राजकारण कायमचे बदलले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. बेल्जियमला जाणारे वॉटर्लूचे रणांगण आवर्जून पाहतात. ते जिंकणारा सेनापती आधी आपल्या गाविलगडाच्या मोहिमेवर होता, हे अनेकांना ठाऊक नसते. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही कादंबरी याच किल्ल्याच्या वेढ्यावर आहे.

किल्ला बहमनी काळातला, १४२५ च्या सुमाराचा. दरवाजे, तोफा, तलाव पाहायला किमान तीन तास हवेत. आत खाण्यापिण्याची सोय नाही, पाणी सोबत न्या.

अकोल्याकडून येणाऱ्यांसाठी दुसरा पर्याय नरनाळा. अकोट तालुक्यातील शहानूर गावातून वर जाता येते. इथल्या महाकाली दरवाजाचे कोरीव काम थांबून पाहण्यासारखे आहे. हा किल्लाही व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो, त्यामुळे प्रवेशाच्या वेळा पाळाव्या लागतात.

पक्षीप्रेमींसाठी मेळघाटाचे मोठे आकर्षण रानपिंगळा. शतकाहून अधिक काळ दिसला नाही म्हणून नामशेष समजलेला हा घुबडवर्गीय पक्षी १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. नंतर मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. तो दिवसाही वावरतो, हे हौशी छायाचित्रकारांचे नशीब. पण आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात त्याने पक्षी बिथरतो.

खायला हा वर्षातला सर्वात श्रीमंत काळ. चिखलदऱ्याच्या परिसरात अलीकडे पिकू लागलेली स्ट्रॉबेरी, आमझरीचा मध आणि खाली मैदानात उतरलात की हुरडा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, सोलेभात, वांग्याचे भरीत. परतवाड्याच्या अलीकडे-पलीकडे शेतात रोडग्यांचा बेत जमवता आला तर सहलीचे अर्धे पैसे तिथेच वसूल. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेला रोडगा, तुपात बुडवून, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हॉटेलात हे मिळेलच असे नाही. ओळखीचा शेतकरी शोधा.

होळी : मेळघाटचे खरे नववर्ष?

कोरकूंसाठी होळीइतका मोठा सण नाही. ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच ‘माणसे’. त्यांची भाषा मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाली-मुंडारीची दूरची बहीण आणि या कुळातली सर्वात पश्चिमेकडची. कामासाठी दूरच्या जिल्ह्यांत गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात. सण एका दिवसात संपत नाही, पाच दिवस चालतो. रस्त्यात दोर आडवा धरून, नाचत-गात ‘फगवा’ मागितला जातो. अनेक पर्यटक याला अडवणूक समजून काचा वर करतात. हसून दहा-वीस रुपये द्या, दोन मिनिटे गाणे ऐका, रस्ता मोकळा होतो. त्यानंतर ठिकठिकाणी मेघनाथाची यात्रा भरते. रावणाचा मुलगा मेघनाथ इथे पूजला जातो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला नवल वाटते.

फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो. साग पाने टाकू लागतो. मार्चमध्ये मोहाची फुले गळू लागली की पहाटे चारलाच बायका-मुले टोपल्या घेऊन जंगलात निघतात. मोह म्हटले की आपल्याला फक्त दारू आठवते. इथल्या घरात तो वाळवून वर्षभराचे अन्न म्हणून ठेवला जातो. महिला बचतगट त्याचे लाडूही करतात. मिळाले तर नक्की घ्या. सोबत कुटकीचा भात मागून पाहा. भरडधान्यांची शहरात आता फॅशन आली असली तरी कोदो-कुटकी हे इथले रोजचे जेवण होते आणि अनेक घरांत अजूनही आहे.

उन्हाळा (एप्रिल, मे) : वाघ पाहायचा तर हाच काळ?

होय, पण अपेक्षा माफक ठेवा. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आणि महाराष्ट्रातील पहिला. घोषणा १९७४ ची. क्षेत्रफळ बफरसह सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर. डोंगर, दऱ्या आणि एवढा पसारा यामुळे ताडोबासारखे सहज व्याघ्रदर्शन इथे होत नाही. उन्हाळ्यात सागाची पाने झडलेली असतात आणि प्राणी पाणवठ्यांवर येतात, म्हणून शक्यता वाढते इतकेच. गवा, अस्वल, सांबर, रानकुत्रे दिसले तरी सफारी सार्थकी लागली असे समजा.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी पाहण्याचा ‘निसर्गानुभव’ उपक्रम वनविभाग राबवतो. जागा मोजक्या असतात आणि नोंदणी आधी करावी लागते. झोप, गप्पा आणि मोबाइल यांपैकी एकाही गोष्टीशिवाय रात्र काढता येत नसेल तर हा प्रकार आपला नव्हे.

सकाळची सफारी घ्या, दुपारी आराम करा. सिपना नदीच्या वळणावरचे कोलकास हे दुपार काढायला मेळघाटातले सर्वात सुंदर ठिकाण. इथे वनविभागाचे हत्ती आहेत. हत्तीवरची सफर सुरू आहे की नाही, हे आधी विचारून घ्या.

खायला चारोळी, टेंभरं आणि मैदानात परतल्यावर आमरस-मांडे. उपड्या मडक्यावर हातभर पसरून भाजलेला पुरणाचा मांडा हे वऱ्हाडी उन्हाळ्याचे खरे पक्वान्न.

तीन दिवसांचा आराखडा कसा असावा?

पहिला दिवस : अमरावती-परतवाडा-चिखलदरा, सुमारे ८५ किलोमीटर. दुपारी पॉइंट, संध्याकाळी शक्कर तलाव. स्कायवॉकची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. सिडकोचा ४०७ मीटर लांबीचा हा प्रकल्प पाहण्यासाठीच जात असाल तर तो खुला आहे का, हे आधी तपासा.

दुसरा दिवस : सकाळी गाविलगड. मग जंगलातल्या रस्त्याने सेमाडोह, कोलकास. मुक्काम वनविभागाच्या निवासस्थानात, आगाऊ आरक्षण करून.

तिसरा दिवस : पहाटे सफारी. नंतर ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलेले हरिसाल आणि तिथून धारणी. बाजार पाहून दुपारी परतीला निघा. अमरावती-धारणी अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, पण घाट लक्षात घेता चार तास धरा.

चौथा दिवस हाती असेल तर धारणीहून देडतलाईमार्गे बुऱ्हाणपूर गाठता येते. मुमताज महलचे निधन १६३१ मध्ये याच शहरात झाले. तिथली मावा जिलेबी खाल्ल्याशिवाय परतणारा माणूस विरळा. धारणीच्या बाजारातही निमाडी हिंदी, कोरकू आणि वऱ्हाडी या तिन्ही बोली एका दुकानात ऐकू येतात, ते या शेजारामुळेच.

धारणीला रेल्वे नाही. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी पूर्वी मेळघाटातून जायची. धूळघाटजवळ तिचा लोहमार्ग स्वतःलाच वळसा घालून डोंगर चढत असे. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि ब्रॉडगेजचा नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून नेण्याचे ठरले. त्यामुळे एसटी किंवा स्वतःचे वाहन हेच पर्याय.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

इंधन : अमरावतीहून ये-जा आणि आतली भटकंती मिळून साधारण ४५० किलोमीटर होतात. घाटात मायलेज घसरते, लिटरला १२ धरले तर ३७-३८ लिटर लागेल. परतवाड्यात टाकी पूर्ण भरा.

नेटवर्क : जंगलात मोठ्या पट्ट्यात मोबाइल चालत नाही. ऑफलाइन नकाशा आणि आरक्षणाची छापील प्रत ठेवा. ऑनलाइन पैसे देता येतीलच असे नाही, सुटे पैसे हवेत.

वेळ : जंगलातला रस्ता दिवसाउजेडीच पार करा. रस्त्यावर येणारी रानडुकरे आणि सांबरे हॉर्न ऐकून बाजूला होत नाहीत. वाटेत गाडीतून उतरणे, माकडांना खाऊ देणे, मोठ्याने गाणी लावणे टाळा.

आरोग्य : धारणीत उपजिल्हा रुग्णालय आहे. पण वाटेतल्या गावांत औषधांची दुकाने कमी. रोजच्या गोळ्या, सापाच्या भीतीने बूट आणि टॉर्च सोबत असावेत.

आपल्या सहलीने मेळघाटला काय मिळते?

हा प्रश्न शेवटी आला असला तरी छोटा नाही. १९९३ पासून मेळघाटचे नाव बातम्यांत आले ते मुख्यतः कुपोषण आणि बालमृत्यूंमुळे. बैरागडला आयुष्य वेचणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही याच लढाईसाठी. इथल्या कुटुंबांच्या अडचणीचे मूळ हंगामी आहे. पावसाळ्यात शेत असते, मार्चमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता. मधल्या महिन्यांत हाताला काम नसते आणि लोक बाहेर पडतात. आई-वडील कामाला गेले की लहान मुलांच्या जेवणाची, लसीकरणाची साखळी तुटते.

आता पर्यटनाचा तक्ता त्यावर ठेवून पाहा. आपण सगळे जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे शेतात काम असते तेव्हाच. आणि काम नसते तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत, गाईड रिकामा बसलेला असतो. शिवाय पैसा बहुतेक चिखलदऱ्यातच खर्च होतो, धारणीपर्यंत झिरपत नाही. एका सहलीने कुपोषण हटणार नाही, असा दावा कोणी करूही नये. पण गाईड गावचा घेतला, जेवण बचतगटाकडे सांगितले, लवादाच्या संपूर्ण बांबू केंद्रातून एखादी वस्तू घेतली, मध आमझरीचा आणला, तर तो पैसा त्या रिकाम्या महिन्यांत त्या घरात जातो. मोसम बदलून गेल्याने आपल्याला गर्दी टळते आणि त्यांना रोजगार मिळतो. इतका सरळ हिशेब क्वचितच जुळतो.

थोडक्यात

धुके, धबधबे, कॉफी : जुलै ते सप्टेंबर, आठवड्याच्या मधल्या वारी.
घुंगरू बाजार, सीताफळे : दिवाळीनंतरचे पंधरा दिवस.
किल्ले, पक्षी, स्ट्रॉबेरी, हुरडा : डिसेंबर, जानेवारी.
पळस, होळी, मोह : फेब्रुवारीअखेर ते मार्च.
वन्यप्राणी, मचाण : एप्रिल, मे.

केउकेनहॉफची बाग आठ आठवड्यांत मिटते. मेळघाट बारा महिने उघडा आहे, फक्त दर दोन महिन्यांनी त्याचे दार बदलते. तुम्ही कोणत्या दारी उभे राहणार आहात, एवढे निघण्यापूर्वी ठरवा. आणि गाडी चिखलदऱ्यावरून परत वळवू नका. पुढे धारणी आहे.